ॲरेला जोडलेली स्वतःची मेथड बिघडते तेव्हा: आधी काय तपासायचं, कुठे थांबायचं

जावास्क्रिप्टच्या ॲरेला आपली एखादी सोयीची मेथड जोडायची, म्हणजे यादीपुढे टिंब देऊन नुसतं "बेरीज" लिहिलं की काम झालं. ही सोय फार मोहक आहे. त्यातून येणारा बिघाड मात्र मी इतक्या प्रोजेक्टांत दुरुस्त केला आहे की आता लक्षण ऐकलं की साधारण कुठे हात घालायचा ते कळतं. बिघाड बहुतेक वेळा मेथडच्या आतल्या हिशेबात नसतो. ती मेथड कुठे टांगली आहे, तिथे असतो. म्हणून आतला कोड दहा वेळा वाचूनही काही सापडत नाही आणि माणूस थकतो.

(इथे सगळी नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. जावास्क्रिप्टची स्वतःची नावं टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत लागतील.)

लक्षणं

यातलं एक जरी दिसत असेल तर पुढचं वाचा.

बेरजेच्या आकड्याला चिकटून कोडचा मजकूर छापला जातो, किंवा बेरीज "नॅन" (म्हणजे "आकडा नाही") होते. मी हे पहिल्यांदा पाहिलं ते एका दूध संकलन केंद्राच्या बिलावर. पंधरवड्याचे लिटर बरोबर होते, पण एकूण लिटरच्या रकान्यात आकडा आणि त्यापुढे अख्खं फंक्शन छापलेलं. ते बिल घेऊन शेतकरी केंद्रावर आला होता.

यादीत पाच नोंदी आहेत, पण पडद्यावर सहा ओळी दिसतात आणि सहावी विचित्र असते.

"अमुक इज नॉट अ फंक्शन" ही चूक एकाच पानावर येते, किंवा तुमच्या मशीनवर येत नाही आणि प्रॉडक्शनला, म्हणजे लोक वापरतात त्या चालू संकेतस्थळावर, येते, किंवा फक्त टेस्टमध्ये येते.

मेथड चालते, पण दर वेळी "अनडिफाइन्ड" देते.

मेथड बोलावल्यावर मूळ यादीचाच क्रम उलटतो. दुसऱ्यांदा बोलावलं की परत सुलटतो.

ॲरेवरून स्वतःचा सबक्लास (ॲरेचे गुण घेऊन बनवलेला स्वतःचा प्रकार) केला असेल तर एकच आकडा असलेली यादी रिकाम्या जागांनी भरते, नाहीतर "मॅप" बोलावताच कोड कोसळतो.

आणि सर्वात त्रासाचं म्हणजे कोडला कोणी हात लावलेला नाही, ब्राउझर तेवढा अपडेट झाला, आणि काल चालणारं आज चालत नाही.

दोन मिनिटांची तपासणी: कन्सोल

पान उघडा, एफ १२ दाबून कन्सोलमध्ये जा. ऑब्जेक्ट.कीज या फंक्शनला ॲरे.प्रोटोटाइप (सगळ्या ॲरेंच्या मेथडी जिथे टांगलेल्या असतात ती वस्तू) द्या. स्वच्छ पानावर उत्तर रिकामी यादी येतं. त्यात एक जरी नाव दिसलं तर कोणीतरी ॲरेला काही जोडलं आहे आणि ते उघडं टांगलं आहे. मग त्या नावाचं फंक्शन कन्सोलमध्ये छापून पाहा. ब्राउझरचं स्वतःचं असेल तर आत "नेटिव्ह कोड" एवढंच दिसतं. दुसऱ्या कोणाचं असेल तर पूर्ण मजकूर दिसतो, आणि त्यावर क्लिक केलं की कोणत्या फाइलमधून आलं तेही कळतं.

ही तपासणी मी नेहमी पहिली करतो. तिला पैसे लागत नाहीत, कोड बदलावा लागत नाही, आणि पुढची अर्धी वाट ती कापून देते. मेथड तिथे नाहीच, आहे पण तुमची नाही, की तुमचीच आहे पण चुकीच्या पद्धतीने जोडलेली आहे, या तीन शक्यतांचे इलाज वेगळे आहेत. जोडलेली मेथड छुपी असेल तर ती या यादीत दिसणार नाही. त्यासाठी ऑब्जेक्ट.गेटओनप्रॉपर्टीनेम्स वापरा, म्हणजे छुपी-उघडी सगळी नावं येतात.

ॲरो फंक्शन आहे का ते बघा

"नेहमी अनडिफाइन्ड" या लक्षणाचं कारण जवळजवळ दर वेळी हेच निघतं. मेथड बाण वापरून लिहिली असेल तर तिच्या आतला "धिस", जो एरवी मेथड ज्यावर बोलावली ती वस्तू असतो, तुमची यादी नसतो. ॲरो फंक्शनला स्वतःचा धिस नसतो, ते बाहेरचा उचलतं. साध्या स्क्रिप्टमध्ये बाहेरचा धिस म्हणजे विंडो. विंडोलाही "लेंथ" असते, आणि ती पानातल्या फ्रेमची संख्या सांगते, म्हणजे बहुधा शून्य. त्यामुळे "लांबीतून एक वजा करून तो घटक दे" असं लिहिलं की विंडोचा उणे एक क्रमांकाचा घटक मागितला जातो. तो नसतो, पण चूकही फेकली जात नाही. मॉड्यूलमध्ये तोच कोड असेल तर धिस स्वतःच अनडिफाइन्ड असतो आणि लगेच चूक दिसते. म्हणजे एकाच दोषाची दोन रूपं.

इलाज एका शब्दाचा: बाण काढा, साधं फंक्शन लिहा.

मेथड मूळ यादी बदलते का

"शेवटचा घटक" मिळवायला कोणीतरी यादी "रिव्हर्स" करून पहिला घटक काढलेला असतो. उत्तर बरोबर येतं, पण रिव्हर्स जागेवरच उलटवतं. सॉर्ट आणि स्प्लाइसचंही तसंच. वाचणाऱ्याला मेथडचं नाव "शेवटचा" दिसतं. ती यादी हलवेल अशी शंका त्याला येत नाही, आणि म्हणून हा दोष दुसऱ्याच फाइलमध्ये शोधला जातो.

आधी "स्लाइस"ने प्रत काढा आणि प्रतीवर काम करा. २०२३ च्या ईसीएमएस्क्रिप्ट मानकात (जावास्क्रिप्टचं अधिकृत मानक) टूरिव्हर्स्ड, टूसॉर्टेड आणि टूस्प्लाइस्ड आले आहेत, ते मूळ यादीला हात न लावता नवी यादी देतात. आणि शेवटच्या घटकासाठी तर २०२२ पासून "ॲट" ही मेथड भाषेतच आहे. तिला उणे एक द्या. जुन्या प्रोजेक्टांत जोडलेल्या मेथडींपैकी बऱ्याचशा आज भाषेतच मिळतात. दुरुस्तीला बसण्याआधी हे एकदा पडताळा, कारण काही वेळा दुरुस्ती म्हणजे मेथड पुसून टाकणं एवढंच असतं.

हातात खरंच ॲरे आहे का

पानावरचे घटक शोधणारं क्वेरीसिलेक्टरऑल जे देतं ते ॲरे नसतं, ती नोडलिस्ट असते. तिला लांबी आहे, फॉरईचही आहे, म्हणून ती ॲरेसारखी भासते, पण तुमची मेथड तिला माहीत नसते. फंक्शनमधलं "आर्ग्युमेंट्स" तसंच, सेट तसाच. ॲरे.इझॲरे ला विचारा. उत्तर नाही आलं तर ॲरे.फ्रॉमने ॲरे करून घ्या. तीच मेथड नोडलिस्टलाही टांगायचा मोह होतो, तो आवरा. पुढे जे सांगणार आहे ते सगळे त्रास मग दोन ठिकाणी होतील.

फॉर-इन लूप: दुधाच्या बिलाचं दुखणं

इथे जरा थांबून समजून घेऊ, कारण इथवर न सुटलेल्या प्रकरणांपैकी बरीचशी मला इथेच सापडली आहेत.

ॲरे.प्रोटोटाइप म्हणजे वाड्यातला सामाईक चौक. तुमच्या यादीला एखादी मेथड सापडत नाही तेव्हा ती तिथे जाऊन शोधते. पानावरची प्रत्येक यादी तिथेच जाते, तुमची, चार्ट काढणाऱ्या लायब्ररीची, चॅटच्या चौकटीची. चौकात तुम्ही खाट टाकली की ती सगळ्यांच्या वाटेत येते.

बरोबरचं चिन्ह वापरून मेथड थेट नेमली की ती "मोजता येण्यासारखी" बनते. फॉर-इन लूप आधी यादीचे स्वतःचे क्रमांक फिरतो आणि मग प्रोटोटाइपवर टांगलेलं जे जे मोजता येतं तेही फिरतो. भाषेच्या स्वतःच्या मेथडी, मॅप, फिल्टर वगैरे, मोजता न येण्यासारख्या ठेवलेल्या आहेत, म्हणून त्या लूपमध्ये कधी येत नाहीत. तुमची येते.

त्या बिलात नेमकं हेच झालं होतं. लिटर बेरजेचा लूप जुना होता, फॉर-इनने लिहिलेला, आणि वर्षानुवर्षं बरोबर चालत होता. मग दुसऱ्या कोणीतरी एका नव्या अहवालासाठी ॲरेला बेरजेची मेथड जोडली. जुना लूप सगळे लिटर मिळवून झाल्यावर त्या मेथडवर पोहोचला. आकडा अधिक फंक्शन म्हणजे जावास्क्रिप्टच्या लेखी मजकूर अधिक मजकूर, म्हणून आकड्याला कोड चिकटून आला. मिळवण्याऐवजी दराने गुणत असता तर नॅन आला असता. ज्या फाइलला कोणी हात लावला नव्हता तिच्यात दोष दिसला आणि ज्या फाइलने तो आणला ती अगदी निर्दोष चालत होती. म्हणून "काल काय बदललं" याचं उत्तर शोधताना नेहमी त्याच पानावर लोड होणाऱ्या सगळ्या फाइलींचे बदल बघा, फक्त बिघडलेल्या फाइलचे नाही.

इलाजाच्या दोन बाजू आहेत आणि दोन्ही कराव्या लागतात. पहिली, मेथड ऑब्जेक्ट.डिफाइनप्रॉपर्टी वापरून जोडा. ही सोय २००९ च्या मानकापासून भाषेत आहे. तिच्यात "एन्युमरेबल" न दिल्यास ते खोटंच धरलं जातं, म्हणजे मेथड लूपपासून लपते. पण "रायटेबल" आणि "कॉन्फिगरेबल" हेही न दिल्यास खोटे होतात, आणि मग तीच फाइल चुकून दुसऱ्यांदा लोड झाली की टाइपएरर येतो. भाषेच्या स्वतःच्या मेथडींना हे दोन्ही खरे असतात, तुम्हीही खरे द्या.

दुसरी बाजू म्हणजे आपल्या कोडमधले ॲरेवरचे फॉर-इन लूप काढून फॉर-ऑफ करा. फॉर-इनमध्ये मिळणारा क्रमांक आकडा नसतो, मजकूर असतो. त्यात एक मिळवायला गेलात तर शून्यानंतर "०१" येतं. तो लूप ॲरेसाठी कधीच योग्य नव्हता. मात्र दुसऱ्याच्या लायब्ररीतले असे लूप तुमच्या हातात नसतात, म्हणून पहिली बाजू टाळता येत नाही.

माझ्याकडे चालतं, प्रॉडक्शनला नाही

हे लक्षण असेल तर लोड होण्याच्या क्रमाकडे बघा. मेथड जोडणारी फाइल काही निर्यात करत नाही, ती फक्त एक परिणाम घडवते. बंडलरला (सगळ्या फाइली एकत्र बांधणाऱ्या साधनाला) पॅकेजच्या सेटिंगमध्ये "साइडइफेक्ट्स: फॉल्स" सांगितलेलं असेल तर प्रॉडक्शन बिल्ड करताना तो म्हणतो, या फाइलमधलं कोणी काही वापरत नाही, आणि तिला गाळून टाकतो. विकासाच्या वेळी ही छाटणी अनेकदा होत नाही, म्हणून तुमच्या मशीनवर सगळं सुरळीत. त्या सेटिंगमध्ये या फाइलचं नाव अपवाद म्हणून नोंदवा.

दुसरा प्रकार: मेथड जोडणं मुख्य फाइलच्या अंगात लिहिलं आहे आणि तिच्या वर इम्पोर्टच्या ओळी आहेत. इम्पोर्ट केलेल्या फाइली आधी चालतात, मुख्य फाइलचं अंग नंतर. त्या फाइलींनी लोड होता होताच मेथड वापरली तर ती अजून जोडलेलीच नसते. जोडणीची वेगळी फाइल करा आणि तिचा इम्पोर्ट सगळ्यांत वर घ्या.

टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टला प्रकारांची तपासणी जोडणारी भाषा) वापरत असाल तर एक फसगत लक्षात ठेवा. ग्लोबल घोषणेत ॲरेच्या इंटरफेसमध्ये मेथडचं नाव लिहिलं की एडिटर खूष होतो, लाल रेघ जाते. पण ती फक्त घोषणा असते. प्रत्यक्ष जोडणारी ओळ चाललीच नाही तरी कंपायलर काही बोलणार नाही. आणि रीडओन्लीॲरे हा वेगळा इंटरफेस आहे, तिथे पुन्हा लिहावं लागतं.

नावाची टक्कर

ब्राउझर अपडेट झाल्यावर बिघडलं असेल तर थेट इथे या.

बरेच जण काळजी म्हणून "ही मेथड आधीच नसेल तरच जोड" अशी अट घालतात. मानकातलीच मेथड जुन्या ब्राउझरसाठी भरून काढत असाल तर ही अट बरोबर आहे. तुमच्या स्वतःच्या कल्पनेतल्या मेथडला ती घातक आहे. समजा तुम्ही "फ्लॅट" नावाची मेथड लिहिली, जी कितीही खोल यादी पूर्ण सपाट करते. २०१८ मध्ये ब्राउझरांत खरी फ्लॅट आली आणि २०१९ च्या मानकात तिची नोंद झाली. ती न सांगता एकच पातळी सपाट करते. अपडेट झाल्याच्या दिवशी तुमची अट म्हणते, मेथड आहे, आपली नको. तुमचा कोड आता दुसऱ्याच मेथडवर चालतो, चूक येत नाही, फक्त खोलवरच्या याद्या तशाच राहतात. अट काढलीत तर उलटा त्रास: तुमची मेथड मानकातली पुसून बसते आणि मानकावर विसंबलेली दुसऱ्याची लायब्ररी मोडते.

खुद्द फ्लॅटचं नाव या भांडणातूनच आलं आहे. मानक समिती टीसी ३९ ला तिचं नाव "फ्लॅटन" ठेवायचं होतं. पण मूटूल्स ही जुनी लायब्ररी ॲरेला स्वतःची फ्लॅटन जोडत असे आणि नंतर फॉर-इनने फिरून ॲरेच्या मेथडी आपल्या दुसऱ्या एका प्रकाराला वाटत असे. ब्राउझरमध्ये खरी, लपलेली फ्लॅटन आल्यावर मूटूल्सने तिच्यावर आपली नेमली, पण लपलेपण तसंच टिकलं. म्हणून वाटप करताना ती लूपमध्ये दिसलीच नाही आणि मूटूल्सवर उभी असलेली जुनी संकेतस्थळं मोडली. मार्च २०१८ मध्ये कोणीतरी विनोदाने "स्मूश" हे नाव सुचवलं, त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि मे महिन्यात समितीने फ्लॅट हे नाव पक्कं केलं. त्याआधी "कंटेन्स"चं "इन्क्लूड्स" झालं तेही मूटूल्सशी टक्कर नको म्हणूनच. गट पाडणारी ग्रुपबाय तर ॲरेवर ठेवताच आली नाही. २०२४ च्या मानकात ती ऑब्जेक्ट आणि मॅप यांच्यावर आली.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कोणा एका लायब्ररीने चौकात टाकलेली खाट वर्षांनंतर जगभरच्या भाषेचं नाव बदलायला लावते. आपली मेथड एवढी मोठी नसते, पण यंत्रणा तीच.

टक्कर टाळायचे दोन मार्ग आहेत. एक, मेथडची किल्ली नावाऐवजी सिम्बॉल, म्हणजे भाषेने बनवून दिलेली एकमेव खूण, ठेवा. सिम्बॉल २०१५ पासून आहे, त्याची कोणाशी टक्कर होत नाही आणि तो फॉर-इनमध्ये येत नाही. दुसरा मार्ग आपल्यासाठी खास: जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात. मेथडचं नाव खरोखर "बेरीज" ठेवता येतं आणि मानक समिती ते नाव घेण्याचा संभव नाही. मी काही खासगी प्रोजेक्टांत असं केलं आहे आणि वाचायला छान वाटतं. पण एक धोका सांगतो. "ऱ" हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येतं, एका चिन्हाने किंवा र आणि नुक्ता मिळून. दिसायला दोन्ही सारखे, पण जावास्क्रिप्ट दोन नावं चिन्हागणिक ताडून पाहते, म्हणून तिच्या लेखी ती वेगळी. "दुसरा" चालेल, "दुसऱ्या" टाळा.

फ्रेम, वर्कर आणि टेस्ट

प्रत्येक आयफ्रेमचा (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानाचा) ॲरे वेगळा असतो, त्याचा प्रोटोटाइपही वेगळा. आयफ्रेममधून आलेल्या यादीवर तुमची मेथड नसते आणि "इन्स्टन्सऑफ ॲरे" तिला ॲरेही म्हणत नाही. ॲरे.इझॲरे मात्र बरोबर सांगतं. वेब वर्करमध्येही (पानामागे वेगळी चालणारी स्क्रिप्ट) जोडणीची फाइल पुन्हा लोड करावी लागते. टेस्ट चालवणाऱ्या जेस्ट या साधनात प्रत्येक टेस्ट फाइल वेगळ्या खोलीत चालते, आणि नोडच्या अंगभूत मॉड्यूलकडून आलेली यादी बाहेरच्या खोलीतली असू शकते. फक्त टेस्टमध्येच मेथड गायब असेल तर हेच बघा.

सबक्लास केला असेल तर

प्रोटोटाइपला हात लावू नका हे ऐकून शहाणी माणसं ॲरेवरून स्वतःचा क्लास करतात. विचार चांगला, पण ॲरेचा कन्स्ट्रक्टर फसवा आहे. त्याला अनेक घटक दिले तर त्यांची यादी करतो. एकच आकडा दिला तर तेवढ्या लांबीची रिकामी यादी करतो. तुमचा क्लास आलेली यादी उलगडून सुपरला, म्हणजे ॲरेच्या कन्स्ट्रक्टरला, देत असेल, तर पाच हा एकच घटक असलेल्या यादीतून पाच रिकाम्या जागा निघतात. ज्या दिवशी गवळ्याची एकच नोंद असेल त्याच दिवशी हा दोष दिसतो, आणि टेस्टमध्ये एकच नोंद कोणी ठेवत नाही.

दुसरं दुखणं मॅप आणि फिल्टरचं. तुमच्या यादीवर मॅप बोलावलं की नवी यादी साध्या ॲरेची नसते, तुमच्या क्लासची असते. त्यासाठी भाषा तुमचा कन्स्ट्रक्टर बोलावते आणि त्याला लांबीचा आकडा देते. फिल्टर बोलावलं तर त्याला शून्य दिलं जातं. तुमचा कन्स्ट्रक्टर यादीची वाट पाहत असतो, त्याला आकडा मिळतो, तो आकडा उलगडायला जातो आणि "इज नॉट इटरेबल" म्हणून कोसळतो.

माझा इलाज असा. कन्स्ट्रक्टर लिहूच नका. यादी बनवायला क्लासचं "फ्रॉम" किंवा "ऑफ" वापरा, ते एकट्या आकड्याला फसत नाहीत. मॅपमधून साधा ॲरे हवा असेल तर क्लासवर सिम्बॉल.स्पीशीज या नावाचा स्टॅटिक गेटर ठेवून त्यातून ॲरे परत द्या.

टाइपस्क्रिप्टचं टार्गेट ईएस ५ असेल तर सबक्लासच्या मेथडी सापडतच नाहीत, कारण त्या जुन्या पद्धतीत ॲरेचा कन्स्ट्रक्टर स्वतःचीच नवी वस्तू परत देतो आणि तुमचा प्रोटोटाइप बाजूला राहतो. टार्गेट २०१५ किंवा पुढचं करा. ते शक्य नसेल तरच कन्स्ट्रक्टरमध्ये सेटप्रोटोटाइपऑफ वापरा.

आणि सबक्लास प्रवासात टिकत नाही. जेसनमध्ये (डेटा मजकूर म्हणून लिहिण्याची पद्धत) लिहून परत वाचलं, लोकलस्टोरेजमध्ये ठेवलं, स्ट्रक्चर्डक्लोन केलं किंवा वर्करला पाठवलं की परत येतो तो साधा ॲरे. सर्व्हरकडून आलेली यादी तर कधीच तुमच्या क्लासची नव्हती.

मुळातून काढायचं असेल तर

यादी घेऊन उत्तर देणारं साधं फंक्शन, वेगळ्या फाइलमध्ये, जिथे लागेल तिथे इम्पोर्ट केलेलं. वर सांगितलेला जवळजवळ एकही दोष त्याला लागत नाही. नवीन कामात मी हेच करतो. टिंबाची सोय जाते याचं मला वाईट वाटतं, पण दुधाच्या बिलानंतर मी पुन्हा त्या वाटेला गेलेलो नाही.

जुन्या प्रोजेक्टात हे काम सर्वात महाग आहे, म्हणून शेवटी ठेवलं. एका दिवसात शोधा-बदला करू नका. आधी साधं फंक्शन लिहा. मग जोडलेली मेथड आतून तेच फंक्शन बोलावेल असं करा, आणि ती बोलावली गेली की कन्सोल.ट्रेसने नोंद होऊ द्या. एक पूर्ण बिलाचं चक्र, महिना असेल तर महिना, चालू द्या. महिनाअखेरीलाच चालणारे अहवाल असतात, ते आठवड्यात दिसत नाहीत. नोंदी थांबल्या की मेथड काढा आणि कोड तपासणाऱ्या ईएसलिंट या साधनाचा "नो-एक्स्टेंड-नेटिव्ह" हा नियम चालू करा, म्हणजे कोणी ती परत जोडणार नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

चुकीचे आकडे डेटाबेसमध्ये उतरले असतील तर कोड दुरुस्त करा, पण डेटाला हात लावू नका. चालू डेटाबेसवर घाईत चालवलेली दुरुस्तीची स्क्रिप्ट मूळ पुरावा पुसते. बॅकअप घ्या, डेटाबेस सांभाळणाऱ्याला आणि हिशेब पाहणाऱ्याला एकत्र बसवा. वाटलेल्या बिलांचं काय करायचं हे प्रोग्रॅमरने ठरवायचं नसतं.

बिघाड पैसे भरण्याच्या पानावर असेल आणि टक्कर पेमेंटवाल्यांच्या स्क्रिप्टशी असेल तर त्यांची फाइल उतरवून तिच्यात बदल करू नका. तुमची जोडणी त्या पानावरून काढा. तरीही अडलं तर कन्सोलच्या चुकीसकट त्यांच्या तांत्रिक मदतीला कळवा.

संकेतस्थळ जुन्या सीएमएसवर (मजकूर सांभाळणाऱ्या तयार प्रणालीवर) आहे आणि मेथड जोडणारी लायब्ररी त्याच्या गाभ्यातच आहे, असं कन्सोलने दाखवलं तर एकटी लायब्ररी काढून पाहू नका. सगळी प्रणाली अपग्रेड करावी लागते, ते काम रोज करणाऱ्याकडे द्या.

आणि पहिल्या तपासणीत असं नाव सापडलं जे तुमच्या एकाही फाइलमध्ये नाही, एकाही लायब्ररीत नाही, विशेषतः ते ऑब्जेक्ट.प्रोटोटाइपवर असेल, तर तो बिघाड नसून हल्ला असू शकतो. बाहेरून आलेला जेसन खोलवर मिसळणाऱ्या फंक्शनमधून प्रोटोटाइपवर हवं ते टांगता येतं. लोडॅश या लायब्ररीच्या ४.१७.१२ च्या आधीच्या आवृत्त्यांतल्या डिफॉल्ट्सडीपमध्ये अशी फट होती, २०१९ मध्ये सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत ती सीव्हीई-२०१९-१०७४४ या क्रमांकाने नोंदली गेली. अशा वेळी ते नाव पुसून पान परत चालू करू नका. सर्व्हरच्या नोंदी जपून ठेवा, लायब्ररींच्या आवृत्त्यांची यादी काढा, आणि त्याच दिवशी सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाला फोन करा.